साडेनऊ वर्षांच्या मुलाला घरी बीजगणित शिकवायचंय, कुठलं पुस्तक धरू?

केरीची_आई

नमस्कार मंडळी.

आम्ही अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी गावात राहतो. धाकटा साडेनऊ वर्षांचा आहे आणि दुसरी झाल्यापासून घरीच शिकतो. इथे त्याला कायद्याची आडकाठी नाही. घरी शाळा सुरू करतोय असं राज्याला एकदा कळवायचं, वर्षातून एकदा प्रमाणित चाचणी घ्यायची, हजेरीचे आणि लसीकरणाचे कागद नीट ठेवायचे. कुठलं पुस्तक शिकवता, हे कुणी विचारत नाही. आणि नेमकं तिथेच माझं घोडं अडलंय.

बीस्ट अकॅडमीचा पाचवा स्तर त्याने मार्चमध्ये संपवला. राक्षसांच्या चित्रकथा असलेली ती पुस्तकं त्याने जेवतानासुद्धा वाचली. अपूर्णांक, शेकडेवारी, ऋण संख्या सगळं येतं. आता पुढे काय, यावर गेला महिनाभर मी डोकं धरून बसलेय. आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंगचं प्रीअल्जिब्रा आणलंय. आमच्या गटातल्या एकीचं म्हणणं, ते सोडून द्या, थेट त्यांचंच इंट्रोडक्शन टू अल्जिब्रा घ्या, मुलगा हुशार आहे. दुसरी सॅक्सनच्या पुस्तकांशिवाय बोलत नाही. तिसरीने हॅरोल्ड जेकब्जचं एलिमेंटरी अल्जिब्रा वाचायला दिलंय, ते मला स्वतःला फार आवडलं. आणि सासऱ्यांनी सांगलीहून मेतकुटाच्या डब्याबरोबर बालभारतीची सहावी, सातवी आणि आठवीची गणितं पाठवलीत. ते बँकेतून निवृत्त झालेत, गणिताची अतोनात आवड. दर शनिवारी सकाळी साडेआठला, म्हणजे सांगलीत संध्याकाळी सहाला, व्हिडिओवर नातवाला अर्धा तास शिकवतात. आबा म्हणतात "क्ष मानू", हा म्हणतो "एक्स". पण दोघांचं जमतं.

आता खरी अडचण सांगते. 3x + 5 = 20 असं लिहून दिलं की हा बघतो आणि "पाच" म्हणतो. पायऱ्या लिही म्हटलं की "उत्तर बरोबर आहे ना, मग?" लिहायचा त्याला मनापासून कंटाळा आहे. अक्षर अजून मोठं आहे, तीन ओळी लिहिल्या की हात दुखतो म्हणतो आणि ते खोटं नाही. गेल्या मंगळवारी मी 4x − 7 = 2x + 9 दिलं. त्याने एक घालून पाहिलं, दोन घालून पाहिलं, असं करत सहापर्यंत गेला. मग पेन्सिल टाकली आणि टेबलाखाली जाऊन बसला. वीस मिनिटं बाहेर आला नाही. मी शेजारी फरशीवर बसून राहिले. नंतर हळूच म्हणाला, "मला अल्जिब्रा येत नाही बहुतेक."

मला ते फार लागलं. याच मुलाला शाळेत असताना गणिताचा तास संपूच नये असं वाटायचं.

मागे एका ऑनलाइन वर्गात घालून पाहिलं होतं. सगळी मुलं तेरा-चौदा वर्षांची, कॅमेरे बंद, शिकवणाऱ्या बाई पाटीवरचं वाचून दाखवायच्या. सहा आठवड्यांत सोडलं. तेव्हा वर्ग नको, पुस्तकच हवं, आणि ते माझ्याबरोबर बसून करता येईल असं हवं. मी स्वतः दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले, बीजगणितात चांगले गुण होते, पण "का" विचारलं की मी अडते. ज्यांनी इतक्या लहान मुलाबरोबर हे केलंय त्यांनी कृपया सांगा.

पेन्सिल्वेनियाहून_तन्वीची_आई

ताई, टेबलाखालचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडे कपाट होतं.

माझी मुलगी आता तेरा वर्षांची आहे. ती दहाची असताना तुमच्या गटातल्या बाईंनी सांगितलं तेच मी केलं. प्रीअल्जिब्रा वगळलं आणि इंट्रोडक्शन टू अल्जिब्रा हातात दिलं. पहिले तीन महिने इतकं छान चाललं की मी सगळ्यांना सांगत सुटले. मग वर्गसमीकरणं आली आणि गाडी अडली. कारण शोधायला मला बराच वेळ लागला. तिला उत्तरं येत होती, पण कंस का सोडवता येतो, दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन का होतो, हे तिने कधी स्वतःच्या हाताने मांडलंच नव्हतं. परत मागे आणलं तेव्हा तिला ती शिक्षा वाटली. पुस्तकापेक्षा त्या शिक्षेच्या भावनेने जास्त नुकसान केलं.

प्रीअल्जिब्रा या नावावर जाऊ नका. त्याचं पहिलं प्रकरण अंकगणिताच्या गुणधर्मांवर आहे आणि माझ्या मते सगळ्या पुस्तकाचं मोल त्या प्रकरणात आहे. बेरजेचा क्रम बदलला तरी चालतं, वितरणाचा नियम, आणि एवढ्यावरून बाकी सगळं सिद्ध करत नेलंय. समीकरणं पाचव्या प्रकरणात येतात. हुशार मुलाची आई सरळ पाचवं उघडते. तसं करू नका. पहिल्या प्रकरणाला दोन महिने लागले तरी लागू देत.

ते वापरायची माझी पद्धत अशी. प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला काही उदाहरणं असतात, त्यांची उत्तरं पुढच्याच पानावर सविस्तर सोडवलेली असतात. ते पान कागदाने झाकायचं. आधी मुलाने डोकं चालवायचं, मग दोघांनी मिळून मोठ्याने वाचायचं. शेवटची तारांकित गणितं त्या वर्षी करायचीच असं नाही. उत्तरांचं पुस्तक वेगळं विकत मिळतं, ते मात्र घ्याच. तुमचा "का" तिथे सुटेल. लेखकाचे व्हिडिओ आणि अल्क्युमस हा सरावाचा भाग दोन्ही फुकट आहेत.

सॅक्सनबद्दल वाईट बोलणार नाही. माझ्या भाच्याला त्यानेच तारलं. रोज थोडं नवं आणि बाकी सगळा मागचा सराव, अशी रोज तीसेक गणितं. ज्याला विसरायची सवय आहे त्याच्यासाठी ते औषध आहे. पण ज्याचा हात तीन ओळींत दुखतो त्याला तीस गणितं देऊ नका.

जेकब्ज वर्षभराने द्या. ते पुस्तक 1979 चं आहे, भाषा गोड आहे, आणि प्रत्येक धडा एखाद्या मजेशीर गोष्टीतून सुरू होतो. अकराव्या वर्षी त्याला ते स्वतः वाचता येईल.

एक राहिलं. आमच्या राज्यात दरवर्षी केलेल्या कामाची फाइल परीक्षकाला दाखवावी लागते, म्हणून मला कागदावर पुरावा लागायचा. तुम्हाला तो लागत नाही. तेव्हा पांढऱ्या फळ्यावर करू द्या, तुम्ही फोटो काढून ठेवा. फळ्यावर माझी मुलगी दहा ओळी लिहायची, वहीत दोन.

चाळीसगावचे_गुरुजी

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मी 31 वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवलं. पुस्तकांची नावं वर आलीत, त्यातली अमेरिकेची मला माहीत नाहीत. पण मुलगा टेबलाखाली का गेला ते मला दिसतंय.

3x + 5 = 20 हे गणित त्याने बीजगणिताने सोडवलंच नाही. वीसमधून पाच काढले, तीनने भागलं. उलट्या पावलांनी चालत गेला. याला आपल्याकडे व्यस्तविधी म्हणतात, भास्कराचार्यांनी तो लीलावतीत दिलाय. तिथे क्षला हातही लावावा लागत नाही, सगळी क्रिया माहीत असलेल्या संख्यांवर होते. पण 4x − 7 = 2x + 9 मध्ये क्ष दोन्हीकडे आहे. उलटं चालायला वाटच नाही. जी संख्या माहीत नाही तिलाच उचलून इकडची तिकडे करावी लागते. माझ्या वर्गातली कितीतरी मुलं बरोबर याच पायरीवर थांबायची, आणि त्यात पहिल्या बाकावरची जास्त असायची, कारण तिथपर्यंत त्यांचं तोंडी भागलेलं असायचं. तेव्हा मुलाला सांगा की त्याला बीजगणित येत नाही असं नाही, ते मंगळवारी पहिल्यांदा त्याच्यासमोर आलं. आणि पायऱ्या लिहायचा आग्रह तोंडी सुटणाऱ्या गणितावर धरू नका. तिथे त्याचंच म्हणणं बरोबर आहे. जिथे लिहिल्याशिवाय सुटत नाही असं गणित द्या.

असं एक गणित देतो. भास्कराचार्यांच्या बीजगणितातलं आहे, म्हणजे 1150 च्या सुमाराचं. आमच्या चाळीसगावजवळ पाटणच्या देवळात त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्याने मठ काढला, त्याची ती नोंद. मी दरवर्षी नववीची मुलं तिथे न्यायचो आणि तिथेच ओट्यावर बसवून हे गणित घालायचो.

एका माणसाकडे तीनशे रुपये आणि सहा घोडे. दुसऱ्याकडे तसेच, त्याच किमतीचे दहा घोडे, पण डोक्यावर शंभराचं कर्ज. दोघांची मालमत्ता सारखी. तर एका घोड्याची किंमत काय?

आचार्य अज्ञात संख्येला यावत्तावत् म्हणतात आणि थोडक्यात "या" लिहितात. माहीत असलेल्या संख्येला रूप, म्हणून "रू". ऋण असेल तर अंकाच्या डोक्यावर टिंब. दोन बाजू एकाखाली एक मांडायच्या:

या 6 रू 300
या 10 रू 100 (या शंभराच्या डोक्यावर टिंब)

दुसरी अज्ञात संख्या आली की तिला रंगाचं नाव. कालक, नीलक, पीतक. का, नी, पी. मुलांना हे फार आवडतं.

तराजूने समजावतात ते मलाही मान्य आहे, पण ऋण संख्या पारड्यात ठेवता येत नाही. कर्ज मात्र मुलाला लगेच कळतं. त्याला उत्तर सांगू नका. आधी एवढंच विचारा, "दोघं सारखेच श्रीमंत आहेत. ते सारखेच राहतील असं आपण काय काय करू शकतो?" आणि मग गप्प बसा. गप्प बसणं हा शिकवण्यातला सगळ्यात अवघड भाग आहे.

पुणे_घरशाळा

गुरुजी, सलाम. हे गणित आज आमच्याकडे पण होणार.

केरीच्या ताई, मी बाबा आहे, पुण्यात दोन मुलींना घरी शिकवतो. थोडंसं घाईबद्दल. थोरलीने दहाव्या वर्षी आठवीपर्यंतचं बीजगणित केलं. आम्ही एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) दहावीला बसवणार, आणि त्याला वय 14 पूर्ण लागतं. म्हणजे हातात चार वर्षं शिल्लक. तेव्हा कळलं की पुढे पळून कुठे पोचायचंच नव्हतं. त्या वेळात ती संख्याशास्त्राकडे न जाता अंकसिद्धांताकडे वळली, मूळ संख्या आणि भाज्यता यात रमली, आणि तिथे तिचं बीजगणित खरं पक्कं झालं. तुमच्याकडे तर परीक्षेचीही सक्ती नाही. त्याला एएमसी 8 सारखी अमेरिकेतली गणिताची स्पर्धा आवडत असेल तर ती आठवीपर्यंतच्या मुलांना देता येते. त्यातले 25 प्रश्न सोडवायला पूर्ण बीजगणित लागतही नाही.

एनसीईआरटीचं सातवीचं नवं पुस्तक, गणित प्रकाश, 2025 मध्ये आलंय. संकेतस्थळावर फुकट आहे. त्यात अक्षरांना "लेटर-नंबर्स" म्हटलंय. मला हा शब्द फार पटला. अक्षर म्हणजे संख्याच, फक्त अजून न कळलेली. धाकटीला आधी वाटायचं की 3a म्हणजे तीन आंबे. मग 3a मध्ये a = 2 घाल म्हटलं की ती विचारायची, आंबा दोन कसा असेल? "तीन आंबे" असं शिकवणारं पुस्तक दिसलं तर ते बाजूला ठेवा. आंबा नाही, आंब्याची किंमत. गुरुजींच्या गणितातसुद्धा "या" म्हणजे घोडा नाही, घोड्याची किंमत आहे, एवढं मात्र मुलाला आवर्जून विचारा.

लिहिण्याचं म्हणाल तर वर्षभर मीच लेखनिक झालो. ती बोलायची, मी शब्दशः लिहायचो, चुकलं तरी तसंच. स्वतःच्या तोंडचं कागदावर दिसलं की ती स्वतःच म्हणायची, "बाबा, हे नाही बरोबर."

केरीची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवसांनी लिहितेय, कारण आधी करून बघायचं होतं.

बुधवारी रात्री जेवण झाल्यावर, वही न काढता, नुसती गोष्ट म्हणून घोड्यांचं गणित सांगितलं. पहिल्यांदा त्याने नेहमीसारखं घालून पाहायला सुरुवात केली. दहा रुपये? वीस? मग थांबला. गुरुजींनी सांगितलेला प्रश्न विचारला आणि मी गप्प बसले. खरंच अवघड होतं. मी सिंकमधली भांडी घासायला घेतली, नाहीतर तोंड उघडलं असतं.

बराच वेळ गेला आणि मागून आवाज आला, "आई, दोघांना शंभर-शंभर रुपये देऊया का? म्हणजे याचं कर्ज फिटेल."

मी म्हटलं, देऊया. मग तो स्वतः उठून फळ्याकडे गेला. फळा पेन्सिल्वेनियाच्या ताईंच्या सांगण्यावरून त्याच दिवशी आणला होता. एका ओळीत 6 घो + 400 लिहिलं, खाली 10 घो. "घो" देवनागरीत! एरवी मराठी लिहायला हाताला धरून बसवावं लागतं. मग म्हणाला, "आता दोघांनी सहा-सहा घोडे सोडून द्यायचे." दोन्हीकडचे सहा खोडले. 400 आणि 4 घो उरले. त्याच्याकडे बघत मी भिजल्या हातांनी उभी होते. "शंभर," तो म्हणाला, आणि लगेच परत पहिल्या माणसाकडे जाऊन नऊशे होतात का ते पाहिलं, मग दुसऱ्याकडे. हे पडताळणं मी त्याला वर्षभर सांगतेय, कधी केलं नव्हतं.

पुण्याच्या दादांनी सांगितलेलं विचारलं, घो म्हणजे काय? "घोडा." मग थांबून, "नाही, घोड्याचे पैसे."

दुसऱ्या दिवशी मंगळवारचं तेच गणित मी काही न बोलता फळ्यावर लिहिलं. त्याने बघितलं आणि म्हणाला, "दोघांना सात देऊ." 4x = 2x + 16. मग 2x = 16. मग आठ. तीन ओळी, हात दुखल्याची तक्रार नाही.

तर ठरवलंय असं. प्रीअल्जिब्रा, पहिल्या प्रकरणापासून, दोघांनी मिळून, रोज पाऊण तास. लेखनिक मी. सरावासाठी बालभारतीची सातवी. त्यातल्या बैजिक राशींच्या बेरजा-वजाबाक्या सरळ आणि थोडक्यात आहेत, हाताला वळण लागायला पुरेत. जेकब्ज कपाटात, अकराव्या वाढदिवसापर्यंत. इंट्रोडक्शन टू अल्जिब्रा आणि सॅक्सन सध्या नकोच.

एक नाजूक प्रश्न राहिला, गुरुजींना विचारते. शनिवारी आबांनी त्याला शिकवलं, "बाजू बदलली की चिन्ह बदलतं. अधिकचं तिकडे गेलं की उणे झालं." मीही शाळेत असंच शिकले. तो गोंधळला. नंतर मला विचारतो, "सात तिकडे कसा गेला? मी तर दोघांना दिला होता." सासरे इतक्या प्रेमाने शिकवतात, त्यांना मी कसं सांगू?

चाळीसगावचे_गुरुजी

तुम्ही सांगूच नका. पुढच्या शनिवारी मुलाला म्हणा, आबांना घोड्यांचं गणित घाल आणि तू कसं सोडवलंस ते दाखव. सांगलीचा बँकेतला माणूस, दोन्ही खात्यांत सारखी रक्कम जमा केली हे त्यांना तुमच्या-माझ्याआधी कळेल.

नियम खोटा नाही. दोन्हीकडे सात मिळवले की डावीकडचा −7 जातो आणि उजवीकडे +7 दिसतो, म्हणून तो "तिकडे गेला" असं वाटतं. शंभरेक गणितं मिळवून-वजा करून झाली की मुलाला आपोआप ते दिसायला लागेल आणि तो मधली ओळ गाळेल. तेव्हा गाळू द्या. त्याआधी नियम पाठ केला की भागाकाराच्या वेळी घोळ होतो. 3x = 12 मधला तीन तिकडे नेऊन उणे तीन करणारी मुलं मी दहावीच्या उत्तरपत्रिकांत दरवर्षी पाहिली.

आणि आबांना माझा नमस्कार सांगा. पुढचं गणित दोन अज्ञातांचं घाला म्हणावं, या आणि का, दोन्ही घेऊन.

केरीची_आई

सांगते, नक्की. शनिवारी काय झालं ते इथेच लिहीन. त्याने आत्ताच फळ्यावर हिरव्या पेनने "नी" लिहून ठेवलंय. निळं पेन सुकलंय, म्हणून उद्या दुकानात जायचंय.